बिअर १.०२० वर अडून राहते तेव्हा: यीस्टच्या निवडीतील दोष आणि त्यांचे निवारण

घरी बिअर करणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून वर्षभर एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापर्यंत येते. बिअर व्यवस्थित आंबू लागते, तीन-चार दिवस भरपूर फेस येतो, आणि मग हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या १.००० च्या तुलनेतली घनता) मोजणाऱ्या काचेच्या तरंगत्या नळीचा, आकडा १.०२० च्या आसपास येऊन जो थांबतो तो आठवडाभर हलत नाही. चव घेतली तर गोडसर लागते आणि अंदाजाप्रमाणे मद्यार्कही भरलेला नसतो. पुढच्या खेपेला यीस्टची पुडी बदलली जाते, कधी महागातल्या द्रवरूप यीस्टची बाटली आणली जाते, तरी आकडा पुन्हा तिथेच येऊन बसतो. यीस्ट खराब निघाले, असा निष्कर्ष मग काढला जातो. माझ्या अनुभवात यीस्ट खरोखर खराब असण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. बहुतेक वेळा चांगले यीस्ट चुकीच्या खोलीत किंवा चुकीच्या अपेक्षेने वापरलेले असते. यीस्ट निवडताना आपण आधी बिअरचा प्रकार ठरवतो, मग त्याला साजेसे वाण शोधतो आणि खोलीचा विचार अगदी शेवटी करतो, किंवा करतच नाही. हा क्रम उलटा केल्याखेरीज ही तक्रार सुटत नाही.

मी अमेरिकेत ह्यूस्टन शहरात राहते. येथे घरगुती वापरासाठी बिअर करण्यास १९७८ साली केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली असून, घरात दोन प्रौढ व्यक्ती असल्यास वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करता येते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, म्हणून पुढील मजकूर जेथे घरी बिअर करणे कायदेशीर आहे तेथील वाचकांसाठी आहे असे समजावे. सर्व आकडे १९ लिटरच्या, म्हणजे पाच गॅलनच्या एका खेपेसाठी दिले आहेत.

आकडा खरा आहे का

यीस्टला दोष देण्यापूर्वी आपले उपकरण तपासावे, कारण अडकलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच बिअर प्रत्यक्षात अडकलेल्या नसतात. अलीकडे अनेक जण रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. दोन थेंबांत काम होते, त्यामुळे ते सोयीचे आहे यात वाद नाही. पण हे उपकरण द्रवातून जाणारा प्रकाश किती वळतो त्यावरून साखरेचा अंदाज करते, आणि मद्यार्कही प्रकाश वळवतो. त्यामुळे किण्वन, म्हणजे आंबणे, सुरू झाल्यावर त्याचा आकडा जसाच्या तसा कोष्टकात पाहिला की तो वस्तुस्थितीपेक्षा जास्त दिसतो. सुरुवातीला १२ ब्रिक्स (साखरेचे शेकडा प्रमाण) असलेल्या आणि आता ६ ब्रिक्स दाखवणाऱ्या बिअरचे विशिष्ट गुरुत्व कोष्टकानुसार १.०२४ दिसेल, मद्यार्काची दुरुस्ती केल्यावर तीच बिअर १.०१२ च्या जवळपास निघते. म्हणजे ती पूर्ण झालेली आहे. दुरुस्तीचे गणित करून देणारी साधने सहज मिळतात, परंतु आकडा संशयास्पद वाटल्यास सरळ हायड्रोमीटर वापरावा.

हायड्रोमीटरचीही एक खोड आहे. ताज्या नमुन्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काचेला बुडबुड्यांच्या रूपाने चिकटतो, तिला वर उचलतो, आणि आकडा दोन-चार अंशांनी (एक अंश म्हणजे ०.००१) फुगतो. नमुना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात आपण चहा गार करताना ओततो तसा आठ-दहा वेळा ओतून घ्यावा, नळी बोटांनी गोल फिरवावी आणि मगच वाचावे. हायड्रोमीटर साध्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला १.००० दाखवतो की नाही हेही एकदा पाहून ठेवावे. आतली कागदी पट्टी सरकलेला एक हायड्रोमीटर मी वर्षभर वापरत होते.

अडकली आहे की संपली आहे

आकडा खरा निघाला तर दुसरा प्रश्न असा, की या यीस्टने काम अर्धवट सोडले आहे की त्याला खाता येण्यासारखे आता काही उरलेलेच नाही. या दोन स्थितींवरचे उपाय परस्परविरोधी आहेत, म्हणून अंदाजाने पुढे जाऊ नये. यासाठी एक छोटी चाचणी आहे. ती मी आता प्रत्येक खेपेला करते.

अडलेल्या बिअरचा साधारण अर्धा लिटर नमुना स्वच्छ, निर्जंतुक काचेच्या बरणीत घ्यावा. त्यात खेपेसाठी वापरलेल्याच वाणाचे सपाट एक चमचा कोरडे यीस्ट घालावे. एवढ्याशा द्रवाला हे प्रमाण अवाढव्य आहे, पण चाचणीचा हेतूच तो आहे. झाकण सैल ठेवून बरणी २५ ते २७ अंशांच्या उबेत ठेवावी आणि येता-जाता हलवत राहावी. दोन-तीन दिवसांनी गाळ बसू द्यावा आणि वरच्या द्रवाचे वाचन घ्यावे. हा नमुना पिण्यासाठी नाही, त्यामुळे चवीची काळजी करण्याचे कारण नाही. मुख्य पात्रात १.०२० आणि बरणीत १.०१२ असे आढळले, तर बिअर खरोखर अडकली आहे; खाण्यासारखी साखर शिल्लक असून यीस्ट थकले, गारठले किंवा तळाशी जाऊन झोपले आहे. बरणीतही १.०१९ किंवा १.०२० च असेल, तर त्या वाणाचे काम संपले आहे आणि पात्र कितीही हलवले, तापवले तरी काही साधणार नाही. बरणी निवडताना एक सूचना आहे. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी झाकणाच्या रबरात हिंग दडून राहतो. माझ्या एका चाचणीचे वाचन उत्तम आले, पण त्या वासाने दोन दिवस स्वयंपाकघर सोडले नाही.

बरणी आणि पात्र यांचे आकडे सारखे आले, तर दोष मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, अर्काकडे किंवा वाणाच्या मर्यादेकडे असतो. जवाचे मॉल्ट गरम पाण्यात भिजवताना तापमान ६९ ते ७० अंशांवर गेले असेल, तर न आंबणाऱ्या जड साखरा जास्त तयार होतात. तेच ६४ ते ६६ अंशांना केले तर आंबणाऱ्या साखरा वाढतात. तयार मॉल्ट अर्काचा डबा वापरणाऱ्यांच्या हातात हे तापमान नसतेच, आणि काही अर्क मुळातच १.०१८ ते १.०२० वर थांबण्याच्या बेताचे असतात. अशा वेळी अर्काचा थोडा भाग साध्या साखरेने किंवा गुळाने बदलला, तर शेवटचा आकडा खाली येतो, कारण उसाची साखर जवळजवळ पूर्ण आंबते. गुळाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत ठेवलेले बरे. ते फार वाढले तर मॉल्टमधून यीस्टला मिळणारी नत्रयुक्त पोषके कमी पडतात, आणि एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहते.

प्रत्येक वाण प्रत्येक साखर खात नाही

पुड्या बदलूनही आकडा न हलण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण येथे आहे. मॉल्टच्या अर्कात ग्लुकोज थोडे असते, माल्टोज सर्वांत जास्त असते, आणि माल्टोट्रायोज नावाची, ग्लुकोजचे तीन कण जोडून झालेली साखर साधारण पंधरा ते वीस टक्के असते. ग्लुकोज आणि माल्टोज बिअरची जवळजवळ सगळीच यीस्ट खातात. माल्टोट्रायोज सगळ्यांना पचत नाही. लालेमांड कंपनीचे विंडसर आणि लंडन ईएसबी ही दोन इंग्लिश वाणे तिला हात लावत नाहीत, म्हणून त्यांची साखर संपवण्याची क्षमता ६५ ते ७२ टक्क्यांच्या आसपास राहते. फर्मेंटिस कंपनीच्या यूएस-०५ ची हीच क्षमता ७८ ते ८२ टक्के आहे. आता १.०५६ पासून सुरू झालेल्या बिअरचे गणित करून पाहावे. विंडसर ती १.०१६ ते १.०२० वर सोडेल आणि यूएस-०५ तीच बिअर १.०१० ते १.०१२ पर्यंत नेईल. म्हणजे विंडसर वापरून १.०१९ वर थांबलेली बिअर अडकलेली नाही, ती ठरल्याप्रमाणे पूर्ण झालेली आहे. कमी मद्यार्काच्या, थोड्या भरीव अंगाच्या इंग्लिश बिअरसाठी हाच गुण हवा असतो. कोरड्या, कडवट पेल एलसाठी (एल म्हणजे साधारण खोलीच्या उबेत आंबणारी बिअर) तेच वाण घेतले, तर तो दोष ठरतो.

या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगणे उपयोगाचे ठरेल. विंडसरची एक खेप १.०१८ वर थांबली होती. ती पूर्ण झाली आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते. बाटल्या भरताना साखरेबरोबर थोडे ताजे यीस्ट असावे, म्हणजे वायू नीट धरेल, अशा विचाराने मी नॉटिंगहॅमच्या उघड्या पुडीतली चिमूटभर पूड त्यात टाकली. नॉटिंगहॅम हे माल्टोट्रायोज आवडीने खाणारे वाण आहे. त्याला बाटलीत घातलेली साखर तर मिळालीच, शिवाय विंडसरने सोडलेले सगळे शिलकी अन्नही मिळाले. विशिष्ट गुरुत्व एका अंशाने, म्हणजे ०.००१ ने उतरले की बिअरमध्ये साधारण तिच्या स्वतःच्या घनफळाच्या अर्धा पट वायू तयार होतो. पाच अंश उतरले तर अडीच पट. बाटलीत मुद्दाम घातलेल्या साखरेचा वायूही तेवढाच होता. तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तेव्हा बिअरचा फवारा छतापर्यंत गेला, आणि पेला भरेपर्यंत बाटलीत तळाचा गाळच काय तो उरला. त्या खेपेतली एक बाटली कपाटातच फुटली. घरी कोणाला इजा झाली नाही हे नशीब. कमी खाणाऱ्या वाणाच्या बिअरमध्ये बाटली भरताना जास्त खाणारे वाण मिसळू नये, हा नियम तेव्हापासून मी कधी मोडलेला नाही.

दुसऱ्या टोकाला अशी वाणे आहेत की जी इतरांना न पचणाऱ्या जड साखराही तोडून खातात. त्यांच्या अंगी एसटीए-१ नावाचे जनुक असते आणि त्यामुळे ती साखर तोडणारे विकर (एन्झाइम) स्वतःच बाहेर सोडतात. सेझॉन या बेल्जियन बिअरसाठीचे बेल सेझॉन, तसेच फर्मेंटिसची डब्ल्यूबी-०६ आणि बीई-१३४ ही या गटातली वाणे आहेत. त्यांनी केलेली बिअर १.००४ पर्यंत, कधी त्याहूनही खाली जाते. १.०२० ला कंटाळलेला माणूस साहजिकच त्यांच्याकडे वळतो, आणि खोली गरम असेल तर ती चांगली निवडही ठरू शकते. पण ही वाणे सावकाश, आठवडेच्या आठवडे खात राहतात, म्हणून दोन वाचनांत किमान एक आठवड्याचे अंतर ठेवून आकडा स्थिर असल्याची खात्री झाल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. त्यांच्यासाठी वापरलेल्या रबरी नळ्या, तोट्या आणि ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली वेगळी ठेवावी. ओरखड्यात राहिलेल्या मूठभर पेशी पुढच्या खेपेच्या बाटल्या फोडण्यास पुरेशा असतात.

खोलीचे तापमान, आणि पात्रातले तापमान

आता ज्या प्रश्नापासून निवड सुरू व्हायला हवी त्याकडे येते. आपल्या घरात सर्वांत गार, अंधारी आणि दिवसरात्र सारखी राहणारी जागा कोणती, आणि तिथले तापमान किती? माझ्या घरी वातानुकूलन ७८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सिअसवर असते. त्याहून खाली आणले तर विजेचे बिल परवडत नाही. आंबणारी बिअर स्वतः उष्णता निर्माण करते, आणि जोरात आंबताना पात्रातले तापमान खोलीपेक्षा दोन ते पाच अंशांनी जास्त असते. याचा अर्थ माझ्या कपाटातले यीस्ट पहिले तीन दिवस २८ ते ३० अंशांत काम करते. यूएस-०५ च्या पुडीवर सध्या १८ ते २६ अंश लिहिलेले असते आणि ते खोलीला लागू होते अशी समजूत करून घेतली जाते. ती मर्यादा द्रवाची आहे. शिवाय त्या मर्यादेत यीस्ट काम करेल एवढीच हमी आहे, प्रत्येक अंशाला चव सारखीच राहील असे ते सांगत नाही.

विरजण लावणाऱ्या कोणालाही हे नव्याने सांगावे लागू नये. तेच विरजण, तेच दूध, पण पौषात दही लागायला रात्र अपुरी पडते आणि वैशाखात दुपारपर्यंत आंबट होऊन बसते. यीस्टच्या बाबतीत आंबटपणाऐवजी जड मद्यार्क तयार होतात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणासारखा वास येतो, घशात जळजळ होते, आणि बिअर महिनोन्महिने मुरवून ठेवली तरी हा दोष नाहीसा होत नाही. अशी तापलेली खेप पुष्कळदा घाईने सुरू होऊन घाईने थांबतेही. यीस्ट पहिल्या दोन दिवसांत धावते, मग रात्री खोली गार झाली की एकदम तळाशी बसते. एस-०४ सारखी इंग्लिश वाणे तर मुळातच लवकर खाली बसणारी आहेत, त्यांना तापमानातली चार-पाच अंशांची घट सहन होत नाही. ती तळाशी घट्ट वडीसारखी बसतात आणि वर १.०२० चा गोड द्रव तसाच राहतो.

पात्र थंड ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आपल्याकडच्या माठासारखाच आहे. पात्र पाण्याने अर्ध्या भरलेल्या टबात ठेवायचे, त्याला जुना सुती सदरा घालायचा, सदऱ्याचे टोक पाण्यात सोडायचे आणि समोर पंखा लावायचा. हा उपाय कोरड्या हवेत फार गुणकारी आहे. ह्यूस्टनच्या दमट हवेत मला त्याने जेमतेम दोन अंश मिळाले, आणि नागपूरला ज्या कूलरने थंडी वाजते तो मुंबईत का निरुपयोगी ठरतो हे पुन्हा एकदा पटले. दमट गावात राहणाऱ्यांनी बाष्पीभवनावर विसंबू नये. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून त्यातल्या दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी टबात सोडाव्यात. याने टबातले पाणी १७-१८ अंशांवर आणि पात्र २० च्या आत ठेवता येते. ही कसरत पहिले चार दिवस केली तरी पुरते, कारण नको असलेले वास बहुतांशी यीस्टची वाढ होत असतानाच तयार होतात. पाचव्या दिवसापासून गोठवलेल्या बाटल्या सोडणे बंद करून पात्र हळूहळू २१-२२ अंशांपर्यंत वर येऊ द्यावे. असे केल्याने यीस्ट जागे राहते, उरलेली साखर संपवते, आणि लोण्यासारखा वास देणारे डायअसिटिल परत शोषून घेते. गार ठेवण्याची सवय लागल्यावर शेवटपर्यंत गारच ठेवणारे बरेच जण भेटतात, आणि त्यांची बिअर नेमकी १.०१८ वर थांबते.

अशी सोय ज्यांना करता येते त्यांनी पेल एलसाठी यूएस-०५ किंवा नॉटिंगहॅम घ्यावे. दोन्ही खोलवर आंबवणारी, स्वच्छ चवीची आणि सुरुवातीच्या चुका पोटात घालणारी वाणे आहेत. नॉटिंगहॅम तर १० अंशांपर्यंतही चालते, त्यामुळे तळघर असलेल्या किंवा इंग्लंडसारख्या गार प्रदेशातल्या घरात ते हिवाळ्यात माझी पहिली निवड ठरेल. लागरचे, म्हणजे गारव्यात आंबवल्या जाणाऱ्या बिअरचे, यीस्ट ही निराळी संकरित जात आहे. ती माल्टोट्रायोज उत्तम खाते आणि १.०२० चा त्रास तिच्याबाबत कमी होतो, परंतु डब्ल्यू-३४/७० सारख्या तिच्या प्रसिद्ध वाणाला १२ ते १८ अंश लागतात. त्यासाठी वेगळा फ्रिज नसेल तर लागरचा नाद न केलेला बरा.

आणि खोली थंड करणे शक्यच नसेल तर गरम खोलीत आनंदाने राहणारे वाण आणावे. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट गेल्या काही वर्षांत जगभर मिळू लागले आहे. हे शेतकरी बिअरच्या एका खेपेतले यीस्ट लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून पुढच्या खेपेसाठी ठेवत. म्हणजे विरजणाची कवडी राखून ठेवण्याचाच हा प्रकार. व्हॉस गावाच्या नावाने विकले जाणारे वाण २५ ते ४० अंशांत चालते, ३५ च्या पुढे तर ते अधिक खुलते, आणि संत्र्याच्या सालीसारखा सौम्य गंध देते. जुलैमध्ये मी पात्र गॅरेजमध्ये ठेवते, आणि १.०५२ ची बिअर चौथ्या दिवशी १.०११ वर आलेली असते. मात्र क्वाइकला गारवा सोसत नाही. तीस अंशांच्या खाली येऊ लागले की ते मंदावते, म्हणून रात्री पात्राला गोधडी गुंडाळते. शेजारच्या बाईंना हे पाहून काय वाटत असेल ते त्याच जाणोत. हलक्या बिअरमध्ये क्वाइकला पोषके कमी पडतात, तेव्हा उकळत्या अर्कात यीस्टचे पोषक द्रव्य पुडीवर दिलेल्या प्रमाणात घालावे.

बेकरीचे यीस्ट चालेल का, असेही विचारले जाते. चालते, आणि फिनलंडमधली साहती ही पारंपरिक बिअर त्यानेच करतात. पण ते नीट तळाशी बसत नाही आणि लवंगेसारखा वास देऊ शकते. पेल एलची अपेक्षा ठेवून ते वापरू नये.

प्रमाण आणि ताजेपणा

कोरड्या यीस्टची ११ किंवा साडेअकरा ग्रॅमची एक पुडी १.०६० पर्यंतच्या १९ लिटर एलला पुरेशी होते; लागरला दोन लागतात. द्रवरूप पाकिटात ताजे असताना साधारण १०० अब्ज पेशी असतात, आणि १.०४८ च्या एका खेपेला सुमारे १७० अब्ज हव्या असतात, त्यामुळे आधी लिटर-दीड लिटर हलक्या अर्कात त्याची वाढ करून घेणे भाग आहे. उन्हाळ्यात टपालपेटीत दिवसभर तापलेले द्रवरूप यीस्ट तर मी वापरतच नाही. कोरड्या पुड्या फ्रिजमध्ये ठेवल्या की वर्षभर सहज टिकतात आणि प्रवासही सोसतात, म्हणून दूरच्या गावी राहणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात. द्रवरूप यीस्ट घालण्यापूर्वी अर्क जोरात घुसळून त्यात प्राणवायू मिसळावा. कोरड्या यीस्टला याची गरज फारशी भासत नाही, कारण कारखान्यात त्याची वाढ होतानाच आवश्यक साठा त्याच्या पेशींत भरलेला असतो.

आत्ता अडकलेल्या बिअरचे काय करावे

बरणीच्या चाचणीने बिअर खरोखर अडकली असल्याचे दाखवले, तर पहिला उपाय उबेचा आहे. पात्र २१-२२ अंशांच्या जागी न्यावे, झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून तळाचा थर द्रवात उठवावा, आणि असे दिवसातून दोनदा, तीन दिवस करावे. एस-०४ च्या अडकलेल्या खेपा बहुधा एवढ्यानेच मार्गी लागतात. तीन दिवसांत आकडा एका अंशानेही उतरला नाही, तर नवे यीस्ट घालावे लागते, पण कोरडी पूड तशीच वर भुरभुरू नये. तयार बिअरमध्ये मद्यार्क असतो, साखर कमी असते, प्राणवायू नसतो. अशा ठिकाणी नुकत्याच भिजलेल्या पेशी तग धरत नाहीत. अर्धा लिटर मॉल्टच्या हलक्या अर्कात नॉटिंगहॅमची पुडी घालावी, बारा-पंधरा तासांत त्यावर भरपूर फेस चढला, म्हणजे ते ऐन जोमात आले, की तो सगळा अर्क पात्रात ओतावा. दोन्हींच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. साखर तोडणारे तयार विकर घालण्याचा सल्लाही काही जण देतात. ते काम करते, पण कुठे थांबावे हे त्याला कळत नाही. बिअर पाणचट होते, आणि बाटल्यांचा धोका वाढतो.

ज्यांनी १.०२० ची बिअर घाईने बाटल्यांत भरून टाकली आहे त्यांनी आजच एक बाटली उघडून पाहावी. फेस प्रमाणाबाहेर वर येत असेल, तर सर्व बाटल्या जाड कापडात गुंडाळून शक्य तेवढ्या लवकर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गारव्याने किण्वन जवळजवळ थांबते आणि वायू द्रवात विरघळून दाब उतरतो. त्यांना हात लावताना जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा. फ्रिजमध्ये जागा नसेल तर बाटल्या बर्फाच्या पाण्यात चार-पाच तास थंड करून, प्रत्येकीवर ओले फडके टाकून टोपण किंचित उचलावे, वायू सोडावा आणि नवे टोपण बसवावे. आठवड्याने एक बाटली पुन्हा उघडून पाहावी आणि फेस तसाच वर येत असेल, तर राहिलेली सगळी बिअर ओतून द्यावी.